आज रात्री काय भिजवायचं?

"आज काय करू?" हा प्रश्न घरोघरी रोज विचारला जातो आणि बहुतेक वेळा त्याला "काहीही कर" असं उत्तर मिळतं. उत्तर देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. आपण खाण्यापिण्याची कटकट करत नाही, असंच त्याला वाटत असतं. पण ओट्यापाशी उभ्या माणसाला त्या "काहीही"चा काडीचा उपयोग होत नाही. स्वयंपाकात हातांना पडतात त्यापेक्षा जास्त कष्ट ठरवण्याचे असतात, हे माझं मत गेल्या काही वर्षांत पक्कं झालं आहे. कणीक मळताना, भाजी चिरताना डोकं मोकळं असतं, मुलांशी बोलता येतं, गाणी ऐकता येतात. काय करायचं ते ठरलेलं नसलं, की ऑफिस सुटल्यापासून घरी पोचेपर्यंत मनात तेच चालू राहतं: फ्रिजमध्ये काय उरलंय, काल काय केलं होतं, सासूबाईंना काय चावेल, मुलगा डब्यातून काय परत आणणार नाही.

यावर जो तो नव्या पाककृती सुचवतो. मोबाइल उघडला की सातही दिवस काहीतरी वेगळं: सोमवारी आलू पराठे, मंगळवारी पावभाजी, बुधवारी पनीर, गुरुवारी नूडल्स, शुक्रवारी सँडविच, शनिवारी छोले-भटुरे, रविवारी पिझ्झा. अशा आठवड्याचे जिन्नस एकदा कागदावर उतरवून बघा. गहू किंवा त्याचाच मैदा, बटाटा, कांदा, टोमॅटो, पनीर. मधे एकदा काबुली चणे आले, तेवढाच काय तो बदल. नावं सात, चवीही सात, पण पोटात गेलेली पिकं मोजायला एका हाताची बोटं जवळजवळ पुरतात.

माझ्या आजीचं उलट होतं. इंदूरच्या रामबागेतल्या तिच्या घरात ताटाची मांडणी वर्षानुवर्षं बदलली नाही. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी किंवा उसळ. मधे पोळी, मग भात, शेवटी ताक. बाहेरच्या कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, ही माणसं रोज तेच खातात. पण त्या एकाच मांडणीत वर्षभरात कितीतरी पानं, शेंगा, कंद, डाळी, तेलबिया येऊन जात. डावीकडची चटणी आज तिळाची, चार दिवसांनी जवसाची, मग कारळ्याची. उजवीकडची भाजी महिन्याच्या महिन्याला आपोआप बदले, कारण बाजारच बदले. मला वैविध्याचा खरा अर्थ तिथे सापडतो. ताटाची मांडणी ओळखीची राहू द्यावी आणि त्यात येणारी पिकं बदलती ठेवावीत. करणाऱ्याच्या डोक्याला त्रास कमी, खाणाऱ्याच्या पोटाला लाभ जास्त, आणि खिशालाही हेच परवडतं.

त्यामुळे आमच्या घरात बेत पाककृतीपासून सुरू होत नाही, बाजारापासून होतो. इंदूरकरांचं यात भाग्य आहे. चोइथराम मंडीत पहाटेपासून मालाच्या गाड्या लागतात, शहराच्या मध्यात नंदलालपुऱ्याची जुनी भाजी मंडी आहे, आणि कॉलनीकॉलनीत आठवड्याचा हाट भरतो. मला हाट सगळ्यांत आवडतो. तिथे शिरल्यावर आधी रिकाम्या पिशवीने एक फेरी मारायची, काहीही घ्यायचं नाही, नुसतं बघायचं. ज्या भाजीचे ढीग सगळ्यांकडे सारखेच उंच दिसतात, ती त्या आठवड्याची भाजी. ती ताजी असते, तिचा भाव उतरलेला असतो, आणि तिची चवही तेव्हाच सगळ्यांत चांगली असते. घरून यादी करून निघालं की आपण माघात भेंडी शोधत बसतो आणि चढा भाव देऊन जून भेंडी घरी आणतो. यादी हाटातच व्हावी.

आत्ता, संक्रांतीच्या आसपास, मालव्यातल्या, म्हणजे इंदूरच्या भागातल्या, बाजारासारखा बाजार नाही. बटल्याचे, म्हणजे मटारचे, ढीगच्या ढीग, बल्लरच्या (वालपापडीसारख्या) शेंगा, लाल गाजरं, पांढरा मुळा त्याच्या हिरव्यागार पाल्यासकट, मेथी, पालक, बथुआ (चाकवत), हरभऱ्याचा कोवळा पाला, हिरवा लसूण, ओली हळद, आवळे, आणि जुड्या बांधून आलेली छोड, म्हणजे ओला हरभरा घाट्यांसकट. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या खाऊबाजारात, रात्री गराडू या कंदाच्या कढयांभोवती गर्दी असते. तळून, वर मसाला भुरभुरून, लिंबू पिळून खातात ते लोक, आणि तसा तो लागतोही अप्रतिम. पण तोच कंद घरी कुकरमध्ये वाफवून, थोड्या तेलात जिऱ्यावर परतला, तर एका वेळच्या जेवणाचा मोठा आधार होतो हे फार थोडे लोक करून बघतात. होळीनंतर पालेभाज्या ओसरतात. मग सुरजन्याच्या (शेवग्याच्या) शेंगा, कैऱ्या, गिलकी (घोसाळी), दुधी, गवार, भोपळा, काकडी. पावसाळ्यात भुट्टे येतात, काटेरी किकोडे (करटोली) येतात, शेजारच्या निमाडातून अंबाडी येते, चवळई फोफावते, आणि आमच्यासारख्या मराठी घरांच्या परसात सांडपाण्यावर अळू माजतं. इतकं सगळं दारात येत असताना वर्षभर फ्लॉवर-बटाटा करत राहणं मला खरोखर दुःखाचं वाटतं.

हिवाळ्यातल्या पालेभाज्यांबद्दल एक अडचण मात्र खरी आहे: निवडायला वेळ लागतो. मेथीची जुडी पंधरा-वीस रुपयांत येईल, पण ती निवडायचा अर्धा तास कुणाचा? स्वस्त भाजी बायकांच्या वेळावर स्वस्त होते, हे घरात उघड बोललं गेलं पाहिजे. आमच्याकडे हाटाच्या रात्री जेवणं झाल्यावर वर्तमानपत्र पसरून सगळे बसतात. सासूबाई सगळ्यांत भरभर निवडतात, नवरा बथुआ निवडतो, मुलगा बटला सोलतो आणि सोलता सोलता निम्मा खातो. निवडलेली भाजी न धुता, कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवली तर तीन-चार दिवस छान राहते. धुवून ठेवली तर दुसऱ्या दिवशीच चिकट होते. आठवड्याच्या बेतात हा अर्धा तास धरलेलाच हवा, नाहीतर बेत कागदावरच राहतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मे महिन्यात भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यात २००० किलोकॅलरीच्या दिवसभराच्या आहाराचं माप दिलं आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, पालेभाज्या धरून भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दाणे आणि तेलबिया ३५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, आणि तेल-तूप २७ ग्रॅम. ही सगळी मापं कच्च्या मालाची. अशा तक्त्यांवरून आपली नजर नुसती फिरून जाते, म्हणून मी स्वयंपाकघरातला तराजू काढून चार माणसांचा हिशेब मांडला. भाजी दिवसाला १ किलो ६०० ग्रॅम. डाळ-कडधान्य ३४० ग्रॅम. आता आपल्याकडचं चार माणसांचं वरण आठवा. वाटीभर तूरडाळ, म्हणजे फार तर १५० ते २०० ग्रॅम. भाजी अर्धा किलो, आणि त्यातही पुष्कळदा बटाटाच जास्त. बटाटा भाजीत धरायचा नाही, तो धान्याच्या बाजूला मांडायचा, असं मी आमच्यापुरतं ठरवलं आहे.

हाच हिशेब तेलाच्या बाजूने केला तर पैशाची वाट सापडते. माणशी २७ ग्रॅम म्हणजे चौघांना महिन्याला सव्वातीन किलोच्या आतबाहेर, आणि त्यात तूप, लोणीही आलं. महिन्याला पाच लिटरचा डबा संपवणाऱ्या घरात तेल दोन लिटरने उतरलं, तर तेवढ्या पैशांत जास्तीची दोन-अडीच किलो डाळ सहज बसते. याच तत्त्वांत म्हटलं आहे की आपल्या देशात रोजच्या ऊर्जेचा ५० ते ७० टक्के भाग धान्यांतून येतो, तो ४५ टक्क्यांपर्यंत यायला हवा, आणि डाळी-मांस-मासे यांचा मिळून वाटा, जो आता ६ ते ९ टक्के आहे, तो १४ टक्क्यांच्या आसपास जायला हवा. सोप्या मराठीत सांगायचं तर एक पोळी कमी आणि एक वाटी उसळ जास्त. यात कुठे महागडी पावडर नाही, परदेशी बी नाही.

परवडण्याच्या दृष्टीने पनीरचं आणि मसुरीचं गणित तर प्रत्येक घराने एकदा करून पाहावं. पाव किलो पनीरच्या पैशांत साधारण एक किलो मसूर येते. त्या पाव किलो पनीरमध्ये पन्नासेक ग्रॅम प्रथिनं, आणि त्या किलोभर मसुरीत २३० ते २४० ग्रॅम. पनीरशी माझं वैर नाही, मुलाच्या वाढदिवसाला पनीर होतंच. पण "मुलांना प्रथिनं मिळावीत म्हणून" आठवड्यात तीनदा पनीर आणणाऱ्या आयांना मी हे आवर्जून सांगते. मसूर आणि हरभरा तर आपल्या मध्य प्रदेशातच भरघोस पिकतात. मोठ्या दाण्याच्या ज्या काबुली चण्याला इथल्या मंडीत डॉलर चना म्हणतात, तो मालव्याच्या काळ्या मातीतून साऱ्या देशात जातो. तूरडाळ कडाडली की सगळीकडे हाकाटी होते, पण वरण तुरीचंच असावं असा काही नेम नाही. मुगाचं वरण सौम्य आणि पचायला हलकं, मसुरीची आमटी पंधरा मिनिटांत तयार, आणि हरभऱ्याच्या डाळीत दुधी घालून केलेली भाजी आमच्याकडे पातेलं घासून पुसून संपते.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येते. आमच्या फ्रिजवर आठवड्याचं वेळापत्रक लावलेलं आहे, पण त्यात एकाही पदार्थाचं नाव नाही. त्यात फक्त एवढंच लिहिलेलं असतं: कुठल्या रात्री काय भिजवायचं. एका रात्री मूग, एका रात्री हरभरे, मग मटकी, मग चवळी, मग राजमा किंवा डॉलर चना, आणि ज्या रात्री भिजवायला काहीच नसेल त्या दुसऱ्या दिवशी डाळ. झोपण्याआधी वाटीभर कडधान्य पाण्यात पडलं, की उद्याचा निम्मा बेत ठरला. भिजलेले हरभरे सकाळी समोर असले तर "काय करू" हा प्रश्न खूप लहान होतो: रस्सा करू, की सुकी उसळ, की पालकात घालू. लहान प्रश्नाचं उत्तर सकाळच्या घाईतही देता येतं, आणि मुलगाही देऊ शकतो. पूर्वी मी प्रत्येक वाराला पदार्थ लिहून ठेवणाऱ्या तक्त्यांविषयी पुष्कळ वाचलं. ते तक्ते फार काटेकोर असतात. पाहुणा आला, दूध नासलं, हाटात भलतीच भाजी स्वस्त निघाली, की पहिल्या आठवड्यातच कोलमडतात. भिजवण्याच्या तक्त्याला हे धक्के बसत नाहीत, कारण भिजलेल्या मुगाचं काहीही होऊ शकतं.

मुगाचंच बघा. रात्रभर भिजवून सकाळी उपसले, ओल्या फडक्यात बांधून ठेवले, की दुसऱ्या दिवशी मोड. मोड येताना त्यात क जीवनसत्त्व तयार होतं, जे कोरड्या मुगात जवळजवळ नसतंच. त्यातले निम्मे उसळीला. उरलेल्यांतले मूठभर सकाळच्या पोह्यांत, थोडे वाफवून कांदा-काकडी-लिंबू घालून संध्याकाळी, आणि तरीही उरलेच तर वाटून हिरव्या मिरचीबरोबर धिरडी. वाल हा जरा हट्टी. भिजवा, मोड आणा, मग गरम पाण्यात टाकून एकेक सोला. तो सुट्टीच्या दिवसासाठीच ठेवावा. पण वालाची आमसूल-गूळ घातलेली उसळ आणि गरम भात जेवून उठणाऱ्याला हिशेब विचारू नये.

भात आणि आमटी, भाकरी आणि उसळ, खिचडी, इडली या जोड्या आपल्या आज्यांनी कशा जमवल्या असतील याचं मला नेहमी नवल वाटतं. धान्यांत लायसिन नावाचं एक अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळींत भरपूर. डाळींत मेथिओनिन कमी, ते धान्यांत पुरेसं. दोन्ही जेवणात आली की प्रथिनांची उणीव परस्पर भरून निघते. आणि या सगळ्याचा कळस म्हणजे थालिपिठाची भाजणी. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, जिरे. भाजून दळलेलं ते पीठ डब्यात असलं की संध्याकाळी थकून आलेल्या कुणालाही दहा मिनिटांत आठ जिन्नसांचं जेवण करता येतं. त्यात किसलेला दुधी किंवा मूठभर बथुआ गेला की भाजीही आत आली. बाजारात "मल्टिग्रेन" लिहिलेल्या पुड्यांपेक्षा हे किती तरी स्वस्त, आणि आत काय आहे ते आपल्याला पक्कं ठाऊक.

सोयाबीनबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तो इथल्या मातीचा विषय आहे. पावसाळ्यात इंदूरहून उज्जैनला किंवा देवासला जाताना दोन्ही बाजूंना जिथवर नजर पोचते तिथवर सोयाबीन असतं. शहरात खंडवा रोडला सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, १९८७ पासून. असं असून इथल्या घरांत सोयाबीन येतं ते बहुतेक तेलाच्या रूपात, नाहीतर बड्यांच्या. बड्या म्हणजे तेल काढून उरलेल्या पिठाच्या, वजनाच्या जवळजवळ निम्मी प्रथिनं असलेल्या आणि भिजवल्यावर दुप्पट-तिप्पट होणाऱ्या. मटार-बड्यांचा रस्सा चांगला लागतोच. पण अख्ख्या दाण्याचाही उपयोग करता येतो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, ते उष्णतेने निकामी होतात. म्हणून दाणे भिजवून, उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं चांगले उकळून, कडकडीत वाळवून मगच गिरणीत द्यायचे. नऊ किलो गव्हाला एक किलो, एवढंच प्रमाण. पोळ्यांना वास येत नाही आणि त्या मऊही राहतात. आमच्या गिरणीवाल्या भियांनी (भाऊंनी) पहिल्यांदा डबा उघडून विचारलं होतं, "भाभीजी, इसमें ये क्या मिला दिया?" आता ते स्वतः इतरांना सांगतात.

गव्हाचं म्हणाल तर मालव्यात अजून वर्षाचा गहू भरण्याची रीत टिकून आहे, आणि ती टिकावी असं मला मनापासून वाटतं. चैत्रात नवा माल आला की लोकवन किंवा शरबती घ्यायचा, उन्हं दाखवायची, एरंडेलाचा हात फिरवायचा, कोठीत भरायचा. एकदम पैसे जातात हे खरं, पण वर्षभर भावाची धास्ती राहत नाही. तूरडाळ आणि हळद-मिरचीही तेव्हाच. मिरची निमाडची, बेडियाच्या मंडीतून येणारी. किराण्याचं जास्तीचं सामान सियागंजाच्या बाजारातून दोन-तीन घरांनी मिळून आणलं तर घाऊक भावाचा फायदा सगळ्यांना वाटून मिळतो. आमच्या गल्लीत तीन मराठी घरं आणि एक मालवी कुटुंब मिळून असं करतो. त्या मालवी भाभींमुळेच आमच्याकडे हिवाळ्यात मक्याची रोटी आणि पावसाळ्यात ज्वारीच्या भाकरीबरोबर अंबाडीची भाजी रुळली. गहू इथे इतका उत्तम पिकतो की बाकी धान्यांकडे हात वळत नाही, तरी आठवड्यात दोन वेळा ज्वारी, मका किंवा बाजरी असावी. हिवाळ्यात बाजरी, उन्हाळ्यात ज्वारी.

आंबटपणाचा प्रश्नही भावाशी जोडलेला आहे. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीच्या पार गेले तेव्हा सगळ्यांच्या तोंडी तेवढा एकच विषय होता. टोमॅटोशिवाय भाजी होत नाही ही समजूत तशी अलीकडचीच. चिंच, आमसूल, कैरी, आमचूर, ताक, लिंबू, अंबाडी, आवळा इतके आंबट पदार्थ आपल्या स्वयंपाकात असताना एकाच फळावर इतका भार का? कोकणातल्या नातेवाइकांकडून वर्षाला किलोभर आमसुलं आली की आमच्या आमटीची काळजी मिटते.

इंदूरवर लिहायचं आणि पोहे टाळायचे हे शक्य नाही. इथले पोहे वाफेवर ठेवलेले असतात, तेल बेताचं, वर कच्चा कांदा, लिंबू, डाळिंबाचे दाणे, जिरावन मसाला. हा न्याहारीचा उत्तम प्रकार आहे. वर पडणारी शेव तेवढी हाताने मोजून घालावी. घरी केले की मी त्यात बटला आणि शेंगदाणे सढळ हाताने घालते आणि लिंबू कधी चुकवत नाही, कारण धान्यभाज्यांतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते. चहामुळे मात्र ते शोषण कमी होतं. म्हणून पोह्यांबरोबर चहा ही इंदूरची लाडकी जोडी आमच्या घरात तासाभराच्या अंतराने भेटते. मुलीचं रक्त कमी निघालं होतं तेव्हापासूनची ही शिस्त आहे, आणि ती मोडायची माझी इच्छा नाही.

एकाच घरात चार माणसांच्या चार गरजा असतात, हे बेत आखताना सगळ्यांत अवघड वाटतं. सासूबाईंना दात आणि साखर दोन्ही सांभाळायचं, मुलाला सतत भूक, नवऱ्याला तिखट हवं. यासाठी चार भांडी चढवायची नाहीत. कुकरमध्ये डाळ एकच शिजते. त्यातली वाटीभर, फोडणीच्या आधी, हिंग-मीठ-तुपाची सासूबाईंची. उरलेल्यात पालक आणि लसणाची फोडणी सगळ्यांची. नवऱ्याचा ठेचा ताटात. मुलाला वरून मूठभर दाणे आणि एक केळं जास्त. सासूबाईंना उसळ चावत नसेल तर तीच मिक्सरमधून काढून कढण होतं, वर जिऱ्याची फोडणी. त्या मला नेहमी म्हणतात, "अगं, माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस," आणि अशा पद्धतीत खरंच वेगळं काही करावं लागत नाही.

इंदूरने ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करायची सवय लावून घेतली, त्याचा एक उपयोग मला स्वयंपाकघरात झाला. ओल्या कचऱ्याची बादली रोज डोळ्यांसमोर असते. ती रोज कशाने भरते ते दिसतं. या शहराच्या ओल्या कचऱ्यातून देवगुराडियाला गॅस तयार होतो. दिवसाला ५५० टन क्षमतेचा तो प्रकल्प २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, त्या गॅसवर शहराच्या बसही धावतात, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे कोवळे दांडे, कोथिंबिरीच्या काड्या, दोडक्याच्या शिरा, बटल्याची कोवळी सालं या गोष्टी पैसे देऊन आणलेल्या असतात, त्यांनी आधी ताटात यावं. मुळ्याच्या पाल्याची डाळ घालून भाजी होते, शिरांची तीळ घालून चटणी होते, काड्या वाटणात जातात, बटल्याच्या सालींचा आतला पडदा काढला की त्यांची भाजी फार सुरेख लागते. शिळी पोळी फोडणीची होते, उरलेला भात थालिपिठात जातो. फळांचं म्हणाल तर पेरू, बोरं, आवळे, सीताफळं, पपई, केळी यांच्या मोसमात सफरचंदाकडे बघायची गरज पडत नाही.

आणि ठरवण्याचं काम वाटून घेणं. हाटाची फेरी आता नवऱ्याकडे आहे, आणि काय आणायचं हे मी सांगत नाही. पालेभाजी दोन प्रकारची, फळभाजी तीन, शेंगा एक आणि एक कंद, एवढं ठरलेलं आहे, त्यात काय बसवायचं ते त्याचं त्याने बघायचं. भिजवण्याचा तक्ता मुलगा लिहितो. दहावीचं वर्ष आहे, तरी झोपण्याआधी डब्यातून मापट्याने कडधान्य काढून भिजवायला त्याला दोन मिनिटं लागतात. डब्यांत काय संपत आलं हेही त्यालाच आधी कळतं. लेक पुण्यात मैत्रिणींबरोबर राहते, त्यांच्याकडे एक शेगडी आणि एक कुकर आहे. मुगाची डाळ, मसूर, पोहे, शेंगदाणे, भाजणी आणि जवसाची चटणी एवढं त्यांच्या फळीवर कायम असतं, बाकी कोपऱ्यावरच्या मंडईतून त्या दिवशी जे ताजं दिसेल ते. तिघी पाळीपाळीने ठरवतात.

या आठवड्यात आमच्याकडे मूग, छोले आणि चवळीची पाळी आहे. हरभऱ्याचा पाला अजून महिनाभर मिळेल, तोवर तो दर हाटाला येणार. थोडा सावलीत वाळवूनही ठेवायचा आहे, वैशाखात पालेभाज्यांचा दुष्काळ पडला की डाळीत चुरून घालायला. आवळ्यांचं लोणचं या शनिवारी. बटल्याचे भाव खाली आहेत, तेव्हा रविवारी नवरा मंडीतून दहा किलो आणणार आहे. अर्धा सोलून, उकळत्या पाण्यातून काढून फ्रीजरमध्ये जाईल. लेक सुट्टीला येते आहे, तिने बटल्याच्या करंज्या मागितल्या आहेत, आणि सासूबाईंनी सारणात ओलं खोबरं जास्त घालायला सांगितलं आहे.